झालं काय, वाटलं काय

घर दाखवायच्या आधी घरमालकांनी मला विचारलं, “शेवटचं कधी पडले होते?”

मी हुडकेश्वरला भाड्याचं घर बघायला गेलो होतो. नोकरी कुठं, घरात माणसं किती, गाडी कुठं लावणार, या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं तयार होती. पडण्याचं नव्हतं. थोडं आठवून म्हणालो, “दिवाळीत. पंखा पुसताना स्टुलावरून.”

“काहून?”

“स्टूल हललं.”

“काहून हललं?”

“एक पाय आखूड होता त्याचा.”

“माहीत होतं?”

“होतं.”

“मंग काहून चढले त्याच्यावर?”

“चांगलं स्टूल शेजाऱ्यांनी नेलं होतं.”

“ते मांगून आणाले काहून नाही गेले?”

इथं मी अडखळलो. शेजाऱ्यांनी स्टूल नेल्यानंतर नळाच्या पाण्यावरून आमचं वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तुम्ही नळामुळे पडले. स्टुलाचं फुकट नाव. अवं, चाव्या आण. यायले वरचं घर देऊन टाकू.”

आतून काकूंचा आवाज आला, “आधी घर तं दाखवा. त्यायले आवडाले पाहिजे ना.”

घर आवडलं. पुढं स्वतःचं बांधेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. महिनाभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं आणि मी त्यांना काका म्हणू लागलो. कॉलनीतली पोरं त्यांना काहूनकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. काम विमान अपघातांच्या चौकशीचं. पडलेल्या विमानाजवळ जायचं, तुकडे बघायचे, माणसांशी बोलायचं आणि विमान का पडलं ते शोधायचं. आयुष्यभर हे केलेला माणूस उदास असेल असं मला वाटलं होतं. काका अजिबात उदास नव्हते. पोहे दोनदा मागून घेत, दुपारी घोरत, आणि आपल्या कामाबद्दल असं बोलत की जणू ते घड्याळ दुरुस्तीचं काम आहे.

बोलणाऱ्याचं ऐकताना त्यांचे हात चालत. माणूस घडलेली गोष्ट सांगत असेल तर ते उजवा हात किंचित वर धरत. तो आपल्याला काय वाटलं हे सांगू लागला की उजवा खाली आणि डावा वर. सुरुवातीला मला वाटलं, खांद्याचं दुखणं असेल. मग एकदा आमच्या गल्लीत झालेल्या स्कूटरच्या धडकेची हकीकत मी त्यांना सांगत होतो, आणि लक्षात आलं की सगळा वेळ डावा हातच वर आहे.

“काका, मी तिथं होतो. डोळ्यांनी बघितलं.”

“काय पायलं?”

“तो पोरगा भरधाव येत होता.”

डावा हात हलला नाही. “भरधाव हे वाटलं. झालं काय ते सांग.”

विचार केल्यावर कळलं की मी फक्त आवाज ऐकून वळलो होतो. तेव्हा दोन्ही गाड्या रस्त्यावर आडव्या होत्या. मी हिशेब खात्यातला माणूस. दोन रकाने वेगळे ठेवणं हा माझा धंदा, पण बोलताना मी ते कधी वेगळे ठेवले नव्हते.

घरात ‘चूक’ हा शब्द बंद होता. कायमचा नाही, शोध संपेपर्यंत. एकदा काकूंच्या कुकरची शिट्टी उडाली आणि तुरीची डाळ छतापर्यंत गेली. मी धावत खाली गेलो. काका स्टुलावर चढून छतावरच्या डाळीचा आकार निरखत होते.

“डाळ धुतली होती का वं?”

“धुतली होती.”

“किती टाकली?”

“रोजच्या एवढीच.”

“पाणी?”

“अहो, माही चूक झाली. पाणी कमी झालं असन. झालं समाधान?”

“चूक नाही म्हणायचं. अजून आपण शोधून राहिलो.”

“मंग हेबी शोधा,” काकू म्हणाल्या, “छतावरची डाळ कोण पुसणार ते.”

शोधाअंती निघालं ते असं: शिट्टीच्या नळीत चिंचेचं साल अडकलं होतं. ते तिथं आलं कारण आदल्या दिवशी काकांनीच चिंचेनं भांडी घासली होती, आणि त्यांनी घासली कारण भांडीवाल्या बाईंना त्यांनीच लवकर घरी पाठवलं होतं. काका या निकालानं फार खुश झाले. छत त्यांनीच पुसलं.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली असं लोक समजत. ते म्हणत, बापानं लावली. त्यांचे वडील उमरेडला मागावर बसायचे. लुगड्यात खोट दिसली की ते कापडाकडं बघतच नसत. आधी सूत गुंडाळलेली कांडी तपासायची, मग ते सूत, मग सूत कुठं वाळवलं होतं ती जागा, मग त्या दिवशी हवा कशी होती. “खोट कापडात दिसते,” काका सांगत, “पण तिथं ती राहत नाही. बाप उलटा चालत जाये, जिथून निघाली तिथपर्यंत. मी विमानात तेच केलं.”

टीव्हीवर विमान अपघाताची बातमी आली की काका आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. तासाभरात कुणीतरी वैमानिकाचं नाव घेणार हे त्यांना ठाऊक असे. माझा आणि त्यांचा एक जुना वाद होता. माझं म्हणणं, ताळा जुळला नाही की कुठंतरी एक नोंद चुकलेली असते, ती सापडली की विषय संपला. ते म्हणत, “तुह्या वहीत चालते. विमान एका कारणानं पडत नाही गा. एका कारणाले विमान पुरून उरते. तीन-चार कारणं एकाच जागी भेटाले लागतात.”

मला हे जरा शोभेचं बोलणं वाटायचं. त्या पोराची गोष्ट घडेपर्यंत.

तो पोरगा आता एका मोठ्या विमान कंपनीत आहे आणि त्याच्या आईची परवानगी आहे, म्हणून लिहितो. ती बाई काकूंच्या भिशीतली. लकडगंजला त्यांचं लाकडाचं दुकान. एकुलता मुलगा विमान चालवायला शिकत होता. अंधार पडल्यावर एकट्यानं उडायचा सराव होता, आणि शहराबाहेरच्या एका लहान धावपट्टीवरून उडाल्याबरोबर त्याचं विमान समोरच्या तुरीच्या शेतात पडलं. जमीन मऊ होती, उंची फार नव्हती. खांद्याचं हाड मोडलं, बाकी तो वाचला. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याभरानं आई त्याला काकांकडं घेऊन आली. मी भाडं द्यायला खाली गेलो होतो, काकांनी हातानं बसायची खूण केली.

“सर, विमानाचं नाक आपोआप वर जात होतं,” पोरगा म्हणाला. चांगलं उंचपुरं पोर, हात अजून गळ्यात बांधलेला. “उभं राहत होतं विमान. मी दांडा पुढं दाबला नसता तर पाठीवर पडलं असतं.”

काकांचा डावा हात वर गेला. त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला होता, आणि मी अस्वस्थ झालो.

“तुम्ही पण तेच म्हणणार ना? चौकशीत यंत्रात काही सापडलं नाही म्हणून मी खोटं बोलतोय?”

“मी अजून काहीच म्हटलं नाही.”

“माह्या पोरानं आजवर खोटं बोललं नाही, भाऊजी,” आई म्हणाली. “लोक म्हणतेत दारू प्यायला होता. हा तं सुपारीही खात नाही. त्या मेकॅनिकनंच काहीतरी करून ठेवलं विमानाले. आता बसवला त्याले घरी.”

त्या संध्याकाळी विमान ठीक आहे म्हणून सही करणाऱ्या मेकॅनिकला, पोराच्या जबाबानंतर, कामावर यायला मनाई झाली होती. आठवड्याभरात पोराला शेवटचा लेखी जबाब द्यायचा होता. तो यंत्राच्याच बिघाडाचं लिहिणार होता, कारण दुसरं काही लिहिणं म्हणजे आपण खोटारडे आहोत असं सही करून देणं, असं त्याला वाटत होतं. यंत्र निर्दोष ठरलं तर पुन्हा विमानात बसायचं नाही असंही त्यानं ठरवलं होतं. तेही तो शांतपणे म्हणाला.

काकांनी त्याला ‘काहून’ विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “रविवारी सकाळी ये. आईले घेऊन.”

दुसऱ्या दिवशी मला गाडी काढायला लावून ते त्या धावपट्टीकडं गेले. आत नाही गेले. आता आपला तिथं काही अधिकार नाही म्हणाले. कुंपणाबाहेरून, विमान जिथं पडलं त्या शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि उडणारं विमान ज्या दिशेला बघतं त्या दिशेला बघत राहिले. समोर तूर, पराटी म्हणजे कपाशी, आणि लांब एक गाव. गावात जाऊन त्यांनी पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या माणसाला विचारलं, “रात्री गावात लाइट असते ना गा?”

“कायची लाइट? पोळ्याच्या आधीपासून डीपी जळून पडली आहे. रात्री आपला हात आपल्याले दिसत नाही.”

काका माझ्याकडं वळले. मागाच्या गोष्टीतला बाप कांडी हातात घेऊन असाच वळत असेल.

परतताना त्यांनी मला समजावलं. विमान वेग घेतं तेव्हा आपण पाठीवर रेललोय असं शरीराला वाटतं. दिवसा डोळे सांगतात, नाही, तू सरळ आहेस. रात्री समोर गावाचे दिवे असले तरी चालतं. त्या रात्री ढग होते, चांदणं नव्हतं आणि गाव काळं होतं. इंधनाची गाडी उशिरा आली म्हणून संधिप्रकाशही निघून गेला होता, हे पोरानंच बोलता बोलता सांगितलं होतं. आधीचा सगळा सराव दिवे समोर ठेवून झालेला. नाक उठतंय असं वाटलं, पोरानं पुढं दाबलं. दाबल्यानं वेग वाढला, वेग वाढल्यानं नाक आणखी उठल्यासारखं वाटलं, म्हणून आणखी दाबलं.

“पण समोर यंत्रं असतात ना? नाक कुठं आहे ते दाखवणारी?”

“असतात. त्यायच्याकडंच पाहायचं, पोटाचं ऐकायचं नाही, हे त्याले शिकवलं होतं. त्या टायमाले पोट मोठ्यानं बोललं.”

घरी येऊन मी हिशेब केला. गाडी दहा सेकंदांत थांबल्या जागेवरून ताशी सत्तरवर नेली तरी साधारण अकरा अंश मागं झुकल्यासारखं वाटायला हवं. कागद घेऊन खाली गेलो.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “पण हा आकडा तू त्या पोट्ट्याले देशीन, तं तो म्हणन, तुम्हीबी त्यायच्यातलेच. तू फक्त गाडी चालव. सत्तर जमन ना?”

हुडकेश्वरच्या पुढं नव्या वस्तीचा एक लेआऊट पडला होता. सिमेंटचे रुंद रस्ते झाले होते, दिव्याचे खांबही उभे होते, घर एकही नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही तिथं गेलो. मी चालवायला, काका शेजारी, मागं पोरगा आणि आई. काकांनी काकूंच्या स्वयंपाकघरातून एक काठाचं ताट आणि पाण्याची बाटली आणली होती. ताटात बोटभर पाणी ओतून त्यांनी ते पोराच्या हातात दिलं. हात गळ्यातून सुटला होता, खांदा आता ताट उचलण्याइतका बरा होता. डोळ्यांवर त्यांनी आपला रुमाल बांधला.

“ताट सरळ धर. मांडीले टेकवायचं नाही. दुसरं काही करायचं नाही.”

मग आईला म्हणाले, “ताई, तुम्ही ताटाकडं पाहत राहा. मी समोर पाहतो. मी सांगतो म्हणून कोणी मानू नये.”

पहिल्या खेपेला मी गिअर बदलताना हिसका दिला, आणि सगळं पाणी काकांच्या मानेवर आलं.

“अकरा अंश म्हणे,” ते मान पुसत म्हणाले. “पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला गाडी नीट उचलली. सत्तरवर पाय काढला आणि तिला आपोआप हळू होऊ दिलं. गाडी थांबली तेव्हा पोरानं रुमाल काढून ताटाकडं पाहिलं.

“सांडलं नाही,” तो म्हणाला.

“नाही सांडलं,” आई म्हणाली. “पण ताट झुकलं होतं रे.”

“कुठं?”

“पुढं. समोरची कड खाली गेली होती.”

“आई, झुकलं असतं तर पाणी सांडलं असतं. मी सरळ धरलं होतं.”

“मी डोळ्यांनी पायलं ना पण.”

“तू पण?” तो म्हणाला. एवढंच. मग खिडकीबाहेर बघू लागला. तिथं बघण्यासारखं नव्हतं काही, प्लॉटचे दगड आणि गवत.

काकांनी पुन्हा गाडी न्यायला सांगितली. पुन्हा तेच झालं. पाणी जागचं हललं नाही, आणि आई खाली मान घालून म्हणाली, “झुकलं.” आरशात मला पोराचा आवळलेला जबडा दिसत होता. मला वाटलं, काकांनी हे करायला नको होतं. या मुलाच्या बाजूनं जगात एकच माणूस होतं, तेही काढून घेतलं.

तेवढ्यात आई म्हणाली, “दे तो रुमाल. मले बांध.”

“आई, तुला गाडीत चक्कर येते.”

“येऊ दे. बांध म्हटलं ना.”

त्यानं बांधला. तिच्या हातात ताट दिलं. मी गाडी उचलली. समोर रस्ता, मागं त्या दोघांचे आवाज.

“आई, सरळ धर.”

“सरळच हाय.”

“पुढं झुकलंय.”

“कायचं झुकलं? मी तं मांगं पडून राहिली. अजून जरासं पुढं कराव लागन.”

“आई, नको—”

गाडी थांबली. आईनं रुमाल वर सरकवला.

“झुकलं होतं?”

“हो,” तो म्हणाला.

“पाणी?”

“थेंब नाही सांडला.”

आता काका मागं वळले. “पाण्यालेबी तसंच वाटलं. ते तुह्यावानी मांगं गेलं, तू ताट त्याच्या मापानं धरलं, म्हणून सांडलं नाही. आईनंही तसंच केलं. कोणीच खोटं नाही बोललं.”

पोरानं ताट आईच्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. “म्हणजे विमान माझ्याच हातानं पडलं.”

काका हो म्हणणार नाहीत असं मला वाटलं. निदान थोडं फिरवून सांगतील.

“तुह्याच हातानं,” ते म्हणाले. “आणि त्या गावची डीपी जळली होती म्हणून. आणि इंधनाची गाडी उशिरा आली म्हणून. आणि तुले कधी काळ्या अंधारात उडवलंच नव्हतं म्हणून. हे सगळं मी तुले आज सांगतो. पण चौकशीत हे कोणी लिहिलं नाही. काहून माहीत आहे?”

पोरानं नकारार्थी मान हलवली.

“तू यंत्र यंत्र करून राहिला. ते यंत्र उघडून पाहून राहिले. अंधाराकडं पाहाले कोणी गेलंच नाही. तू यंत्राचं नाव सोडशीन तवा ते बाकीचं शोधतीन. नाही तं उद्या दुसरं पोट्टं तिथूनच उडन, त्याच अंधारात.”

मी एंजिन बंद केलं होतं. पोरानं आईच्या कपाळावरचा रुमाल सोडून त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“जबाबात मी दोन्ही लिहीन,” तो शेवटी म्हणाला. “मला काय वाटलं ते, आणि काय झालं ते. वेगळं वेगळं.”

“तसंच लिही.”

“आणि त्या मेकॅनिकला आधी भेटतो. कागद जाईल तेव्हा जाईल. सर, त्याचं घर कुठं आहे तुम्हाला माहीत आहे?”

काकांना माहीत नव्हतं. मी गाडी सुरू केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी थांबवायला सांगितलं आणि दार उघडलं.

“तुम्ही येत नाही?” पोरानं विचारलं.

“तिथं माह्यं काय काम? आता शोधायचं काही राहिलं नाही.” ओली कॉलर मानेपासून सोडवत ते घराकडं चालू लागले. नाश्त्याची वेळ झाली होती.

“पण घर कुठं शोधायचं?” पोरगा म्हणाला. “ऑफिस आज बंद असणार.”

“मले माहीत आहे,” आई म्हणाली.

“तुला कसं?”

“मी गेली होती ना त्याच्याकडं. शिव्या द्याले.”

“आई.”

“दिल्याबी. त्याची बायको बिचारी चहा घेऊन आली मंग, मी हातही नाही लावला.” तिनं खिडकीतून ताटातलं पाणी ओतून दिलं, पदरानं ताट कोरडं केलं आणि पुढं वाकून मला म्हणाली, “चला भाऊ. चौकातून डावीकडं घ्या. आज चहा घेईन.”